धुराची चव

जेवणाच्या ताटांतील एखाद्या पदार्थावरून नीतीचा प्रश्न उपस्थित करणें पुष्कळांस हास्यास्पद वाटेल. नीतीचे प्रश्न म्हटले म्हणजे ते सत्यासत्याचे, हिंसा-अहिंसेचे, न्यायाचे व स्वातंत्र्याचे असावयाचे, आणि त्यांचा विचार रणभूमीवर, न्यायासनासमोर किंवा निदान ग्रंथांच्या पानांवर व्हावयाचा, अशी आपली समजूत झालेली असते. वांग्याच्या भरिताचा व मिरचीच्या ठेच्याचा त्यांच्याशीं संबंध काय? तथापि आमचा अनुभव असा आहे कीं, मोठ्या प्रसंगीं मनुष्य बहुधा सावध असतो. त्याच्या हातून जीं लहानसहान अन्यायाचीं कृत्यें घडतात, तीं तो पाटावर सुखानें बसलेला असतांनाच घडतात. म्हणून भरितापासून आरंभ करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

बारामती आणि इंदापूर हे पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके. सह्याद्रीवरचा पाऊस येथवर येईपर्यंत बराचसा रिता झालेला असतो. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या वेळीं हातीं घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि पुढें १९८० सालीं पुरें झालेल्या उजनी धरणानें भीमेचें पाणी अडविलें. त्यामुळें ओलिताखालच्या शिवारांत ऊंस उभा राहिला. परंतु पाण्याच्या वरच्या अंगास अजूनहि जिराईत रान आहे, व तेथें रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पेरतात. पौष-माघांत कणसांत दाणा भरलेला असतो, पण अद्याप तो कोंवळा व दुधाळ असतो. ह्या अवस्थेंतील कणीस निखाऱ्यांत भाजून, हातावर चोळून जो दाणा खातात, तोच हुरडा.

हुरड्याकरितां रानांत वीतभर खोल खड्डा घेतात, त्यांत गोवऱ्या पेटवितात, आणि ज्वाळा शमून लाल निखारा राहिला म्हणजे कणसें त्यांत खुपसतात. ह्या खड्ड्यास आगटी म्हणतात. मान हुरड्याचा, परंतु आमच्या मतें आगटीची खरी करामत त्याच्या शेजारीं चाललेली असते. कडेच्या राखेंत कोणी दोन वांगीं सारतो, कोणी कांदे, कोणी लसणाच्या अख्ख्या कुड्या, कोणी हिरव्या मिरच्या व अलीकडे टोमॅटोहि. जाणता मनुष्य वांग्यास आधीं सुरीचें टोंक टोंचून ठेवतो, नाहीं तर आंतील वाफ कोंडून तें फुटतें. थोड्या वेळानें साल काळी पडून तडकते, देंठाशीं पाणी सुटतें, आणि बोटानें दाबून पाहिलें असतां वांगें लोण्यासारखें लागतें. मग तीं सर्व राखेंतून काढावयाचीं, साली सोलावयाच्या, दगडावर मिरची व लसूण मिठाबरोबर ठेचावयाचा, त्यांत वांगें व टोमॅटो कुसकरावयाचे, वरून कच्चें तेल, कोथिंबीर व शेंगदाण्याचें कूट घालावयाचें. भाकरीबरोबर हें खाल्लें म्हणजे मनुष्य कांहीं काळ गप्प राहतो.

ही आवड केवळ आपल्याच मुलखाची नव्हे. वांगें आपल्या देशांतलें. परंतु मिरची व टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडांतून आलेलीं पाहुणीं. त्यांच्या माहेरीं, मेक्सिकोंत, ह्याच क्रियेचा भाऊ आढळतो. तेथें टोमॅटो, मिरची, कांदा व लसूण हीं कोमाल नांवाच्या तव्यावर किंवा उघड्या विस्तवावर साल करपेपर्यंत भाजतात, आणि मोल्काहेते नांवाच्या दगडी खलांत ठेचतात. ह्या चटणीस साल्सा म्हणतात. शब्द स्पॅनिश, पण कृति त्याहून जुनी. सोळाव्या शतकांत बर्नार्दिनो दे साहागुन ह्या स्पॅनिश धर्मगुरूनें त्या देशाची जी विस्तृत माहिती लिहून ठेविली आहे, तींत बाजारांत मिरचीचीं नानाविध कालवणें विकणाऱ्यांचें वर्णन आहे. समुद्रांच्या दोन बाजूंस, एकमेकांचा पत्ता नसतां, माणसांनीं दोनच गोष्टी केल्या: आधीं साल जाळली, मग गर दगडानें ठेचला.

ह्या चवीचें कारणहि सांगण्यासारखें आहे. बाहेरची साल करपत असतां आंतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. जेथें भाजीचा पृष्ठभाग तापून तांबूस होतो, तेथें तिच्यांतील साखरेपासून नवीं रुचकर द्रव्यें बनतात. आणि लाकूड जळतांना त्यांतील लिग्निन नांवाचें द्रव्य तुटून ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशीं वासाचीं द्रव्यें धुरावाटे बाहेर पडतात व भाजीच्या ओलसर अंगास चिकटतात. ज्यास आपण चुलीवरची चव म्हणतों ती मुख्यतः हीच. म्हणजे भरितांत आपण वांगें खातों, तसाच थोडासा धूरहि खातों. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढचा सर्व प्रश्न त्यांतूनच निघाला आहे.

दोन वर्षांपूर्वीं माघांत आम्ही सहकुटुंब आमच्या आत्याबाईंच्या घरीं गेलों होतों. बारामतीहून इंदापुरास जातांना सणसर लागतें. त्याच्या पलीकडे आडबाजूस त्यांची वाडी आहे. पहिला दिवस हुरड्यांत गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जेवणाचें काय, असें आत्याबाईंनीं विचारलें. त्यांच्या घरीं गॅस आहे, व स्वयंपाक त्यावरच होतो. मागच्या पडवींतली चूल आंघोळीचें पाणी तापविण्यापुरती राहिली आहे. आम्ही म्हटलें, "आत्या, गॅसवरचें भरीत आम्हांला पुण्यांत रोज मिळतें. आज चुलींतलें कर."

"त्यांत काय, लावतें कीं," असें म्हणून त्या उठल्या.

तुरकाट्या दंवानें ओलसर झाल्या होत्या. पडवीस एकच दार, आणि वाऱ्यासाठीं पत्र्याखालीं चार बोटांची फट. आत्याबाई फुंकणी घेऊन बसल्या. आम्ही ओट्यावर ऊन घेत बसलों होतों. आंतून वांग्याच्या सालीचा खरपूस वास येऊं लागला, तेव्हां आम्ही मुलांस म्हटलें, "हा वास घ्या, हा तुम्हांस शहरांत मिळावयाचा नाहीं." वास घेण्यास सांगतांना तो वास कोण अधिक घेत आहे, हें आमच्या मनांतहि आलें नाहीं. अर्ध्या-पाऊण तासानें पानें वाढलीं. भरीत अप्रतिम झालें होतें. आम्ही दोनदां मागून घेतलें व तोंड भरून स्तुति केली. आत्याबाईंचे डोळे लाल झाले होते, पण मुद्रा प्रसन्न होती.

मागाहून भांडीं उचलतांना त्यांच्या सुनेनें आमच्या मंडळींस हळूच सांगितलें, "सासूबाईंना चुलीपाशीं बसायचं नाहीं म्हणून डॉक्टरांनीं बजावलंय. गेल्या पावसाळ्यांत दमानं आठ दिवस दवाखान्यांत होत्या. तुम्हांला सांगूं नको म्हणाल्या." त्या रात्रीं आंतल्या खोलींतून खोकल्याचा आवाज बराच वेळ येत होता. आम्ही बाहेरच्या खोलींत जागे होतों.

आतां प्रश्न असा. ज्या चवीची आम्हीं स्तुति केली, आणि जो खोकला आम्हीं ऐकला, त्या दोहोंचें मूळ एकच, तो धूर. चव आमच्या वांट्यास आली, खोकला आत्याबाईंच्या. ज्या सुखाचें मोल दुसऱ्याच्या देहानें चुकतें केलें जातें, तें सुख मागण्याचा मनुष्यास अधिकार आहे काय? आणि असल्यास कोणत्या अटीवर?

ह्यावर कोणी म्हणेल कीं एका म्हातारीच्या खोकल्याचा आम्ही फार मोठा डोंगर करीत आहों. म्हणून धुराची गोष्ट थोडी स्पष्ट केली पाहिजे. चुलीचा धूर पिढ्यान् पिढ्या घरांत कोंडला जात होता, पण तो मोजण्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. किर्क स्मिथ व त्यांचे सहकारी ह्यांनीं गुजराथेंतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासाबरोबर किती धूर आंत जातो ह्याचें मोजमाप घेतलें व १९८३ सालीं तें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून ह्या विषयाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. धुरांतील जे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात, ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं अशी मर्यादा सुचविली आहे कीं, दिवसभराच्या सरासरीनें एक घनमीटर हवेंत हे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नयेत. कोंदट स्वयंपाकघरांत चूल पेटली असतां हें प्रमाण त्याच्या कित्येक पट होतें. घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मेलीं, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. आत्याबाई ह्या एका मोठ्या आंकड्यांतील एक आहेत, इतकेंच.

ह्यावर उपाय झाले नाहींत असें नाहीं. गरीब घरांस गॅस देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं बलिया येथें सुरू झाली, आणि तिच्यांतील आठ कोटिवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्याच औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, देण्यांत आली. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ग्रामीण भारतांतील शंभरांपैकीं सुमारें ४३ घरांतच मुख्य स्वयंपाक स्वच्छ इंधनावर होत असल्याचें दिसून आलें. बाकीच्या घरांतील बायांस चुलीची चव आवडते म्हणून त्या चुलीपाशीं बसत नाहींत. सिलिंडर पुन्हां भरण्यास पैसे लागतात म्हणून बसतात. चुलीची चव ही ज्यांच्या घरीं चूल उरली नाहीं अशांनीं लावलेला शोध आहे.

आतां आमच्या बाजूनें जीं समर्थनें करतां येतील तीं एकेक करून पाहूं. वकिली स्वतःचीच असल्यामुळें तीं आम्हीं त्या रात्रीं काळजीपूर्वक शोधून ठेविलीं होतीं.

पहिलें समर्थन असें कीं, आत्याबाईंनीं हें प्रेमानें केलें. कोणी त्यांच्यावर सक्ति केली नव्हती. त्या हंसत उठल्या, आणि आम्हीं नको म्हटलें असतें तर कदाचित् त्यांस वाईटच वाटलें असतें. ज्या वाटेनें तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढांत बारामतीहून सणसर, निमगांव केतकी व इंदापूर अशी पंढरीस जाते, त्या वाटेवरच्या घरांस अनोळखी माणसास जेवूं घालण्याचीहि संवय आहे. मग भाच्याची काय कथा? हें सर्व खरें आहे. परंतु भीतीनें दिलेल्या संमतीपेक्षां प्रेमानें दिलेल्या संमतीच्या बाबतींत घेणाऱ्यानें अधिक जपलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. भिणारा मनुष्य निदान मनांत हिशेब ठेवतो. प्रेम करणारा हिशेबच ठेवीत नाहीं. देणाऱ्यानें हिशेब ठेवूं नये हें देणाऱ्याचें भूषण होय. पण म्हणून घेणाऱ्यानेंहि तो ठेवूं नये, हें त्याचें भूषण होत नाहीं. जेथें एकानें मोजणें सोडलें आहे, तेथें मोजण्याचें काम दुसऱ्याकडे आलें.

दुसरें समर्थन अधिक कठीण आहे. जगांतील कोणतें सुख दुसऱ्याच्या श्रमावांचून मिळतें? सकाळच्या चहांत जी साखर पडते तिच्यासाठीं मराठवाड्यांतून आलेलीं कुटुंबें थंडीच्या पहांटे ह्याच बारामती-इंदापुराच्या फडांत ऊंस तोडीत असतात. तेव्हां धुराचा एवढा बाऊ कशासाठीं? ह्यास आमचें उत्तर असें. श्रम आणि क्षति ह्यांत भेद आहे. श्रमानें मनुष्य थकतो व विश्रांतीनें पुन्हां ताजा होतो. क्षति भरून येत नाहीं. त्याचप्रमाणें गरज आणि हौस ह्यांतहि भेद आहे. ज्या घरांत दुसरें साधन नाहीं तेथें चूल ही गरज होय, व तिच्याबद्दल दोष असला तर तो त्या घराचा नव्हे, समाजाचा होय. परंतु जेथें गॅस शेजारीं उभा आहे, तेथें केवळ वासाकरितां चूल पेटवावयास सांगणें ही हौस झाली. हौसेकरितां दुसऱ्याची क्षति मागणें, हें आम्हीं केलें.

ह्या ठिकाणीं जॉन रस्किनची आठवण होते. १८५३ सालीं त्यानें व्हेनिसच्या शिल्पावरील आपल्या ग्रंथांत कांचेच्या मण्यांचें उदाहरण घेतलें आहे. ते मणी तोडणाऱ्या कामकऱ्यांचे हात दिवसभर कंप पावत असतात. आणि मण्यांची तर कोणास गरजच नसते. तेव्हां असे मणी विकत घेणारी प्रत्येक तरुणी न कळत गुलामांच्या व्यापारांत भागीदार होते, असा त्याचा कठोर अभिप्राय आहे. त्याच्या भाषेंत अतिशयोक्ति असेल. परंतु प्रश्न विचारण्याची त्याची जागा अचूक आहे. वस्तु कशी बनली, एवढेंच तो विचारीत नाहीं; ती बनवितांना बनविणाऱ्याचें काय झालें, आणि ती नसती तर आपलें काय अडलें असतें, हें तो विचारतो. आमच्या भरितास हे दोन प्रश्न विचारले असतां आम्ही निरुत्तर होतों. साखरेच्या बाबतींत मात्र आम्ही हा आक्षेप पूर्णपणें परतवूं शकलों नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. साखर हीहि थोड्याशा मर्यादेपलीकडे हौसच होय, व ऊंसतोडीच्या कामांत नुसता श्रमच आहे, क्षति नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. एक अन्याय दाखविल्यानें दुसरा न्याय्य ठरत नाहीं, एवढेंच येथें म्हणतां येईल.

तिसरें समर्थन शास्त्राचें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत भगवंतांनीं सांगितलें आहे कीं, अग्नि जसा धुरानें वेढलेला असतो तसें प्रत्येक कर्म कोणत्या तरी दोषानें वेढलेलें असतें. म्हणून दोष आहे एवढ्यावरून आपलें सहज कर्म टाकूं नये. दृष्टांत धुराचाच असल्यामुळें हें वचन आमच्या बाजूस चांगलें शोभतें. पण नीट पाहिलें असतां तें आमच्या विरुद्धच जातें. तेथें अग्नि आणि धूर एकाच कर्त्याच्या वांट्यास आलेले आहेत. आपलें कर्म करावें व त्याचा दोष आपण सोसावा, असें तें सांगणें आहे. अग्नीची ऊब आपण घ्यावी व धूर दुसऱ्याकडे वळवावा, असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत, जे केवळ स्वतःकरितां शिजवितात ते पाप खातात, असेंहि सांगितलें आहे. जे स्वतः शिजवीतहि नाहींत व केवळ स्वतःकरितां शिजवून घेतात, ते काय खातात, हें सांगण्याची तेथें गरज पडली नसावी.

चौथें समर्थन व्यवहाराचें आहे, आणि तें आमच्यापुरतें नसून ह्या भागापुरतें आहे. बारामती तालुक्यांतील पळशीवाडी येथें २००५ च्या सुमारास कृषिपर्यटनाचें केंद्र सुरू झालें. पुढें ही कल्पना महाराष्ट्रभर पसरली, व २०२० सालीं राज्य सरकारनेंहि कृषिपर्यटनाचें धोरण जाहीर केलें. शहरांतील मंडळी येतात, हुरडा व चुलीवरचें जेवण जेवतात, आणि शेतकऱ्याच्या घरांत चार पैसे येतात. सोलापूर रस्त्यावरच्या खाणावळींच्या पाट्यांवरहि चुलीचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. ही मागणी बंद झाली तर ज्या बाईच्या भाकरीस आज दाम मिळतो तिचा दाम जाईल. हें तिचें हित कसें? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. घरच्या बाईनें जन्मभर फुकट केलेल्या कामास मोल आलें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मोल आलें म्हणजे प्रश्न संपला असेंहि नाहीं. उलट तेथें तो अधिक स्पष्टपणें विचारतां येतो, कारण आत्याबाईंशीं भाव ठरवितां येत नाहीं, खाणावळीशीं येतो. भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोक्यावर धुराडें आहे काय? ती दिवसाचे किती तास तेथें बसते? तिच्या जागीं दुसरें कोणी आळीपाळीनें बसतें काय? जो गिऱ्हाईक पातळ रश्श्याबद्दल तक्रार करूं शकतो, तो हेहि विचारूं शकतो. चुलीच्या नांवासाठीं चार रुपये अधिक देण्यास आपण तयार असतों. त्यांतला एक रुपया धुराड्यास लागला तर चव कमी होत नाहीं.

तर मग निखाऱ्यावर भाजलेलें अन्नच टाकून द्यावें काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. आगटी आणि चूल ह्यांचा विचार करितांना आम्हांस एक भेद दिसून आला. आगटी उघड्या रानांत असते, आणि तिच्याभोंवतीं खाणारे सर्व बसलेले असतात. कणीस परतणारा, वांगें राखेंत ढकलणारा, हुरडा चोळणारा व खाणारा हे निरनिराळे नसतात. वारा फिरला कीं धूर एकदां ह्याच्याकडे जातो, एकदां त्याच्याकडे. ज्याच्या डोळ्यांत पाणी येतें तो थोडा सरकतो व दुसरा त्याच्या जागीं येतो. चुलीची गोष्ट निराळी. चुलीपाशीं एकाच मनुष्याची जागा असते, ती बहुधा बाईची असते, आणि खाणारे भिंतीच्या दुसऱ्या बाजूस असतात. आगटींत भाजणें व खाणें एका वर्तुळांत होतें. चुलींत त्यांच्यामध्यें भिंत येते. ह्या भिंतीमुळेंच आम्ही ओट्यावर बसून मुलांस वास घेण्याचा उपदेश करूं शकलों.

परंतु आगटीचेंहि फार गोडवे गाण्याचें कारण नाहीं. पाहुण्यांकरितां चाललेल्या मोठ्या हुरड्यांत आगटी राखणारा गडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक घोळका उठला कीं दुसऱ्यासाठीं निखारा करीत बसलेला असतो. आपल्याला धूर दोन घटका, त्याला तो सबंध हंगामभर. तेव्हां न्याय उघड्या आकाशांत नाहीं व खड्ड्याच्या आकारांतहि नाहीं. तो पाळींत आहे. ज्या सुखाचा धूर आपण आपल्या पाळीस आपल्या डोळ्यांनीं सोसावयास तयार असूं, तेंच सुख दुसऱ्याकडे मागावें, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे.

ह्यावर कोणी विचारील, तुम्ही दहा मिनिटें चुलीपाशीं बसल्यानें आत्याबाईंचीं फुप्फुसें स्वच्छ होतील काय? होणार नाहींत. परंतु जो स्वतः बसतो त्याचें मागणें बदलतें. त्या सकाळीं ओल्या तुरकाट्या फुंकण्याची पाळी आमच्यावर आली असती, तर पांचव्या मिनिटाला आम्हींच म्हटलें असतें कीं, वांगें गॅसवर भाजूं या. दुसऱ्याच्या दुःखाविषयींचें ज्ञान बहुधा उपदेशानें येत नाहीं. तें त्याच्या जागीं बसल्यानें येतें, आणि तें आलें म्हणजे हौस आपोआप आंखूड होते. शिवाय जो धूर सोसतो त्यालाच तो कमी कसा करावा हें सुचतें. वांगें गॅसवर भाजून, तयार भरितांत वाटी ठेवून तींत एक जळता कोळसा व थेंबभर तूप घातलें आणि वर झांकण ठेविलें, तर जो धुंगार बसतो तो पुष्कळांस पुरेसा होतो. त्यास दोन मिनिटें व एक उघडी खिडकी लागते. पुण्यांत १९९६ सालीं डॉ. आनंद कर्वे ह्यांनीं स्थापन केलेल्या 'आरती' नांवाच्या संस्थेनें उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली, व २००२ सालीं तिला त्याबद्दल लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. ज्या मुलखांत पाचट फडांतच पेटवून देण्याची रीत होती त्या मुलखास ह्या युक्तीचें महत्त्व सांगावयास नको. कोळशास धूर थोडा असतो. तथापि त्याच्या विस्तवांतून निघणारा वायु बंद खोलींत प्राणघातक होतो, म्हणून तोहि मोकळ्या हवेंतच पेटवावा.

नैयायिकांचा जुना दृष्टांत आहे कीं, पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें. अनुमानाची ही पायरी आपण सर्वांनीं शाळेंत असतांनाच ओलांडलेली असते. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे धूर आहे तेथें फुंकणारें कोणी तरी आहे, ही मात्र चांगल्या शिकलेल्या मनुष्यासहि पन्नाशी उलटेपर्यंत सुचत नाहीं, ह्याचा दाखला आम्ही स्वतःच आहों.

गेल्या माघांत आम्ही पुन्हां वाडीवर गेलों. ह्या वेळीं भरिताची गोष्ट आत्याबाईंनींच काढली, व त्या पडवीकडे निघाल्या. आम्हीं त्यांस अंगणांत बाजेवर बसविलें, वारा ज्या बाजूनें येत होता त्या बाजूस, आणि अंगणाच्या पलीकडच्या टोंकास खड्डा घेऊन गोवऱ्या आम्हींच पेटविल्या. सुनेनें वांगीं आणून दिलीं व तीहि आत्याबाईंशेजारीं बसली. मुलगा मिरच्या परतीत होता. वारा दोनदां फिरला. आमचे डोळे चांगलेच चुरचुरले, आणि एकदां तर उठून दूर जावें लागलें, तेव्हां मुलगा आमच्या जागीं बसला. आत्याबाई बाजेवरून सारख्या सूचना करीत होत्या, आणि त्यांतील निम्म्या आम्हांस समजल्या नाहींत.

भरीत पहिल्यासारखें झालें नाहीं. एक वांगें टोंचावयाचें राहिलें, तें फुटलें. दुसऱ्याचा देंठाकडील भाग कच्चाच राहिला. आत्याबाईंनीं पहिला घांस घेतला, क्षणभर विचार केला, आणि म्हणाल्या, "वांगं कच्चं राहिलंय रे. पण मिरची बरी भाजलीस."

मिरची मुलानें भाजली होती. पण आम्ही तें सांगितलें नाहीं, आणि मुलगाहि कांहीं बोलला नाहीं.